विधेयकाची वेळ

कायदा चांगला की वाईट, याची चर्चा आपण पुष्कळ करतो. तो सभागृहापुढे केव्हा यावा हे कोण ठरवितो, याचा विचार क्वचितच करतो. १९०१ सालच्या मुंबई कायदेकौन्सिलाची हकीकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

साऱ्याच्या थकबाकीपायी सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क काढून घेण्याची मुभा सरकारला देणारे विधेयक त्या ऑगस्टात पुण्यास आले. रयत दुष्काळाने आधीच खचलेली. गोखिवऱ्यासारख्या गावच्या खातेदारालाही हा कायदा लागू होणार होता. फिरोजशहा मेहतांचे मागणे एवढेच होते : विधेयक लांबणीवर टाका, लोकांची मते मागवा. सरकारी बहुमताने ते फेटाळले. तेव्हा मेहता, गोखले व काही सहकारी सभात्याग करून बाहेर पडले. विधेयक मंजूर झालेच.

आज विधिमंडळात कामकाज सल्लागार समिती वेळ वाटून देते. तीत विरोधकही बसतात. तरीही घाईने उरकलेली विधेयके आपणांस अपरिचित नाहीत. मताचा हक्क आपण मिळविला. विचारासाठी अवधी मागण्याचा हक्कही आपणच जपला पाहिजे.