आळंदी ते पंढरपूर : मुक्कामांची परंपरा

आषाढी वारीत श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीतून प्रस्थान ठेवते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोहोचते. सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटरच्या या वाटेची दोन्ही टोके तिथीने बांधलेली आहेत. दुपारचा विसावा कुठे, रात्रीचा तळ कुठे, रिंगण कोणत्या माळावर, हे सारे परंपरेने ठरलेले असते.

पंढरपूरची वारी ज्ञानेश्वरांच्याही आधीची मानली जाते. पंढरपूरच्या मंदिरातील ‘चौऱ्याऐंशीचा लेख’ यादव राजा रामचंद्रदेवाच्या काळातला, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. विठ्ठलाला दान देणाऱ्यांची त्यातली नोंद या क्षेत्राचा तेव्हाचा लौकिक दाखवते. पुढे कित्येक शतके वारकरी आपापल्या गावाहून, आपापल्या सोयीने पंढरीला जात. संतांच्या पादुका पालखीत ठेवून समूहाने चालण्याची रीत त्यामानाने अलीकडची. तुकाराम महाराजांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 च्या सुमारास देहूहून तुकोबांच्या पादुका घेऊन आळंदीला जाण्याचा आणि तेथून ज्ञानोबांच्या पादुकांसह पंढरीला जाण्याचा प्रघात पाडला. ‘ज्ञानोबा-तुकाराम’ हे जोड भजन या एकत्र पालखीशी जोडले जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात दोन्ही पालख्या वेगळ्या झाल्या. आळंदीच्या स्वतंत्र सोहळ्याची घडी हैबतबाबांनी बसवली. सातारा भागातल्या आरफळचे हैबतराव पवार ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. गावाकडे परतताना सातपुड्यात लुटारूंच्या हाती सापडूनही ते सुखरूप सुटले आणि उरलेले आयुष्य आळंदीत माउलींच्या सेवेत घालवले, अशी कथा संप्रदायात सांगितली जाते. अंकलीच्या शितोळे सरदारांकडून त्यांनी घोडे आणि तंबू मिळवले, तर दिंड्या जमवण्यात खंडोजीबाबा वासकरांची साथ लाभली. शितोळ्यांचे अश्व आजही दरवर्षी अंकलीहून पायी आळंदीला येतात. मंदिराची पहिली पायरी हैबतबाबांच्या नावाने ओळखली जाते.

सैन्याची छावणी रोज कशी उठते आणि नव्या जागी कशी बसते, हे हैबतबाबांनी आयुष्यभर पाहिले होते. पालखीच्या दिनक्रमात त्याची छाप दिसते. पहाटे पादुकांची पूजा आणि काकडा होतो. निघण्याआधी तीनदा इशारा वाजतो : पहिल्याला सामान आवरायचे, दुसऱ्याला दिंडीत उभे राहायचे, तिसऱ्याला चालू लागायचे. रथाच्या पुढच्या आणि मागच्या दिंड्यांना क्रमांक असतात आणि कोणी आपली जागा सोडत नाही. दिंडीतही पुढे पताकाधारी, मग टाळकरी, त्यांच्यात पखवाजवादक व विणेकरी आणि मागे डोक्यावर तुळशीवृंदावन व पाण्याचा हंडा घेतलेल्या स्त्रिया असा क्रम असतो. भूपाळ्या, वासुदेव, गौळणी, हरिपाठ असे अभंगही वेळेनुसार नेमलेले आहेत. त्यामुळे कोणते भजन चालले आहे त्यावरून दिवस किती सरला ते जाणकाराला कळते.

संध्याकाळी तळावर पालखीभोवती सर्व दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदाराने चोप उंचावला की टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जाऊन गाऱ्हाणे ऐकतो व निवाडा होतो. मग हरवल्या-सापडल्याची माहिती आणि उद्या निघण्याची वेळ पुकारली जाते आणि समाज आरती होते.

प्रस्थानाची रात्र पालखी आळंदीतच आजोळघरी काढते. नवमीला ती पुण्यात येते आणि तिथे दोन रात्री राहते. पुणे ते सासवड हा सर्वांत खडतर टप्पा : तीस किलोमीटरच्या आसपास चाल आणि मध्ये दिवे घाट. घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात. हा बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीचा दिवस असल्याने अनेक वारकरी उपाशीपोटी घाट चढतात. सोपानदेवांची समाधी असलेल्या सासवडलाही दोन रात्री मुक्काम असतो. जेजुरीत पालखीवर भंडारा उधळला जातो. वाल्ह्यानंतर नीरा नदीत पादुकांना स्नान घालून पालखी सातारा जिल्ह्यात, लोणंदला येते.

पंचांगातील तिथीचा क्षय किंवा वृद्धी सावरली जाते ती लोणंदला. दशमी चुकवायची नाही म्हणून इथला मुक्काम एक, दोन किंवा क्वचित त्याहून अधिक रात्रींचा होतो. लोणंद ते तरडगाव हे अंतर जेमतेम आठ किलोमीटर. वाटेत चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. रिंगणात एका अश्वावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्या अश्वावर कोणी बसत नाही, तो माउलींचा. पुढे फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव हे मुक्काम. वेळापूरच्या अलीकडे उतारावरून वारकरी धावत सुटतात, त्याला धावा म्हणतात. तोंडले-बोंडले येथे सोपानदेवांच्या पालखीशी बंधुभेट होते. नवमीला वाखरी. इथे राज्यभरातून आलेल्या संतांच्या पालख्या एकत्र येतात आणि दशमीला ठरल्या क्रमाने पंढरपुरात शिरतात. ज्ञानेश्वरांची पालखी सर्वांत शेवटी असते.

चालणाऱ्यांच्या सोयी काळाबरोबर बदलल्या. पूर्वी सामान बैलगाड्यांवर असे, आता प्रत्येक दिंडीचे ट्रक आणि पाण्याचे टँकर असतात. जेवणखर्चासाठी दिंडीत भिशी भरावी लागते. समतेच्या शिकवणीलाही व्यवहारात मर्यादा होत्या. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वेगवेगळ्या पंगतींना बसत, हे इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात खंत व्यक्त करत नोंदवले. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांची वाट तर पंढरपुरात चोखोबांच्या समाधीपाशी संपत असे. मंदिर त्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे 1947 मध्ये उपोषण केले आणि त्यानंतर दार उघडले. दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ हे पुस्तक 1960 च्या दशकातल्या वारीचे चित्र जपून ठेवते.

2020 आणि 2021 मध्ये कोरोनाच्या साथीमुळे पायी सोहळा होऊ शकला नाही. तरीही प्रस्थान ठरल्या तिथीला, मोजक्या लोकांत झाले. पादुका आळंदीतच राहिल्या आणि आषाढ शुद्ध दशमीला एसटी बसने वाखरीमार्गे पंढरपूरला नेण्यात आल्या. अठरा-वीस दिवसांची वाट काही तासांवर आली, पण निघण्याची आणि पोहोचण्याची तिथी तीच राहिली. 2022 मध्ये मधले मुक्काम पुन्हा पूर्वीसारखे सुरू झाले.