गाठीचं कुळ

कराड, सांगली किंवा मिरजेला पोटातली गाठ काढली की ती फॉर्मालिनच्या बरणीतून पॅथॉलॉजीत जाते. क्वचित रिपोर्टवर ‘ईजिस्ट’ असं निदान येतं. गाठ जठर-आतड्यांत होणाऱ्या ‘जिस्ट’च्या जातीची, पण सापडलेली त्यांच्या बाहेर: आतड्यांना धरून ठेवणाऱ्या मेसेंटरीत, पोटावरच्या चरबीच्या पदरात म्हणजे ओमेंटममध्ये, नाहीतर पार पाठीच्या बाजूला. जिस्ट मुळातच दुर्मीळ, आणि त्यांतही दहात एकीहून कमी गाठी अशा बाहेरच्या. लालबाग-परळला तीन पिढ्या काढलेल्या घराचं कुलदैवत पालीचा खंडोबा निघावं, तसा हा प्रकार.

मूळ सापडायला मात्र शतक गेलं. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत 1894 साली रुग्णालय सुरू केलं, त्याच सुमारास स्पेनमध्ये सांतियागो रामोन इ काहाल आतड्याच्या भिंतीत मज्जातंतू आणि स्नायू यांच्या मधल्या काही विचित्र पेशी रेखाटत होते. आतड्याच्या हालचालीची लय याच पेशी ठरवतात, हे फार नंतर कळलं. त्यांचा गाठींशी काही संबंध असेल, असं तर कोणाच्या मनातही नव्हतं. गाठीतल्या लांबट, चातीसारख्या पेशी स्नायूच्या पेशींसारख्या दिसत, म्हणून ती स्नायूची गाठ ठरे आणि विषय संपे. 1983 मध्ये मायकेल मझूर आणि ब्रेंट क्लार्क यांनी दाखवलं की अशा कित्येक गाठींत स्नायूची खूण नाही, मज्जातंतूचीही नाही. त्यांनी नुसतं ‘स्ट्रोमल’ म्हटलं, म्हणजे आधार-ऊतीची गाठ. कुळ ठाऊक नसताना कुळ न सांगणारं हे नाव मला फार प्रामाणिक वाटतं.

धागा सापडला तो भलतीकडेच. 1986 साली मांजरांत सार्कोमा घडवणाऱ्या एका विषाणूत ‘किट’ हे जनुक मिळालं, आणि वर्षभरात त्याचा माणसातला जोडीदारही. ज्या उंदरांत हे जनुक बिघडलेलं असतं त्यांच्या अंगावर पांढरे डाग असतात, मास्ट पेशी जवळजवळ नसतात, आणि आतड्यातल्या काहालच्या पेशीही कमी पडतात. ओसाकाचे युकिहिको किटामुरा या उंदरांवर वर्षानुवर्षं काम करत होते. त्यांच्याच गटातल्या सेइइची हिरोता यांनी 1998 मध्ये जिस्ट गाठींतलं किट तपासलं. पाच गाठींत उत्परिवर्तन होतं, आणि उंदरांच्या अगदी उलट दिशेचं: बाहेरून संकेत नसतानाही किटचं प्रथिन पेशीला वाढीचा हुकूम देत राहतं. म्हणजे गाठीचं कुळ काहालच्या पेशींशी जुळलं. 2003 मध्ये ‘पीडीजीएफआरए’ हे भावंड-जनुकही काही गाठींत दोषी आढळलं.

बाहेरच्या गाठींवर जॉन रीथ आणि सहकाऱ्यांचा 48 रुग्णांचा अभ्यास 2000 सालचा. पुढे या गाठींतही हीच दोन जनुकं बिघडलेली सापडली. यांतल्या बऱ्याच गाठी आतड्याच्या भिंतीतच उगवून नंतर सुटलेल्या, किंवा मूळ गाठ नजरेतून निसटलेल्या असाव्यात, असं काही पॅथॉलॉजिस्ट म्हणतात. मला हा संशय रास्त वाटतो.

कुळ कळल्याचा फायदा औषधात दिसला. रक्ताच्या कर्करोगासाठी घडवलेलं इमॅटिनिब 2000 साली हेलसिंकीत एका जिस्टच्या रुग्णाला दिलं आणि गाठी आकसल्या. आपल्याकडे 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा या औषधावरचा पेटंटचा दावा फेटाळला, त्यामुळे कंपनीच्या गोळीच्या कितीतरी कमी किमतीतल्या भारतीय गोळ्यांची वाट मोकळी राहिली. बिघाड कुठे आहे यावर गोळीचा गुण ठरतो. किटच्या अकराव्या एक्झॉनमध्ये, म्हणजे जनुकाच्या त्या तुकड्यात, असेल तर 400 मिलिग्रॅम सहसा चांगली लागू पडते. नवव्यात असेल तर दुप्पट मात्रेचा विचार होतो. पीडीजीएफआरएचा ‘डी842व्ही’ हा बदल इमॅटिनिबला दाद देत नाही. म्हणून गाठीचा तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक जनुकतपासणीला पाठवण्यातला उशीर महागात पडू शकतो.

गाठ पुन्हा उलटेल का, हे मात्र एकट्या जनुकावरून सांगता येत नाही. तिथे गाठीचा आकार, विभागणाऱ्या पेशींची मोजणी, शस्त्रक्रियेत ती फुटली का, आणि जागा हे सगळं बघावं लागतं. पण बाहेरच्या गाठींसाठी जागेचा वेगळा तक्ताच नाही. ओमेंटममधल्या गाठीला जठराचा तक्ता लावतात, मेसेंटरीतलीला लहान आतड्याचा, आणि लहान आतड्याचा तक्ता त्याच आकाराला, त्याच मोजणीला जास्त धोका दाखवतो.