वर्ल्ड सिरीज हॉकी (2012) : एका अमान्य लीगचा इतिहास आणि खेळाडूंचा प्रश्न

प्रस्तावना :
महाविद्यालयातील क्रीडा संचालकास एक गोष्ट सांगावी लागत नाही. खेळाडू कितीही गुणी असला तरी त्याच्या हाती असलेले प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचे नसेल, तर शासकीय नोकरीतील पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी त्याचा उपयोग होत नाही. ग्रामीण भागातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने 'मान्यता' हा शब्द म्हणूनच मैदानावरील गुणांइतका महत्त्वाचा ठरतो. ही मान्यता कोण देतो, कोणत्या अधिकाराने देतो आणि ती नसलेल्या स्पर्धेत खेळणाऱ्याचे काय होते, या प्रश्नांचा विचार करण्यासाठी वर्ल्ड सिरीज हॉकी या केवळ एक हंगाम चाललेल्या लीगचा इतिहास उपयुक्त आहे. या लीगमध्ये पुणे आणि मुंबई असे महाराष्ट्राचे दोन संघ होते व अंतिम सामनाही मुंबईतच झाला.

दोन संघटनांचा वाद :
1925 साली स्थापन झालेला भारतीय हॉकी महासंघ अनेक दशके या खेळाचा नियामक होता. याच महासंघाच्या आश्रयाने 2005 ते 2008 या काळात प्रीमियर हॉकी लीग भरली. तीत 'मराठा वॉरियर्स' हा संघ होता आणि खडकी येथे जन्मलेले धनराज पिल्ले त्या संघाकडून खेळले. मार्च 2008 मध्ये सँटियागो येथे ग्रेट ब्रिटनकडून 0-2 असा पराभव झाल्याने भारत बीजिंग ऑलिंपिकसाठी अपात्र ठरला. पाठोपाठ महासंघाच्या सचिवांवर लाचखोरीचा आरोप झाला आणि एप्रिल 2008 मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटनेने महासंघावर निलंबनाची कारवाई केली. 2009 मध्ये 'हॉकी इंडिया' ही नवी संस्था उभी राहिली. मे 2010 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जुन्या महासंघावरील कारवाई बेकायदेशीर ठरविली; तथापि आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने आपली मान्यता हॉकी इंडियाकडेच ठेवली.

येथे एक विसंगती लक्षात घेतली पाहिजे. 2005 साली ज्या महासंघाची लीग अधिकृत होती, त्याच महासंघाने निम्बस स्पोर्ट या कंपनीच्या साहाय्याने 2012 मध्ये भरविलेली लीग अनधिकृत ठरली. खेळ आणि काही खेळाडूही तेच होते. बदलला होता तो केवळ शिक्का.

लीगचे स्वरूप :
प्रारंभी डिसेंबर 2011 मध्ये सुरू होणारी ही लीग पुढे ढकलली गेली आणि 29 फेब्रुवारी ते 2 एप्रिल 2012 या कालावधीत पार पडली. पुणे स्ट्रायकर्स, मुंबई मरीन्स, शेर-ए-पंजाब, चंदीगड कॉमेट्स, दिल्ली विझार्ड्स, भोपाळ बादशाह, कर्नाटक लायन्स व चेन्नई चीताज असे आठ संघ होते. प्रत्येक संघ इतर सातांशी दोनदा खेळला. म्हणजे साखळीचे 56, उपांत्य फेरीचे दोन आणि अंतिम असे 59 सामने 34 दिवसांत झाले. खेळाडूंच्या शरीरावर पडलेला हा भार आजच्या क्रीडाशास्त्राच्या कसोटीवर खचितच उतरणार नाही. पिंपरीतील नेहरूनगरच्या मैदानावर पुण्याचे घरचे सामने झाले. अंतिम सामन्यात शेर-ए-पंजाबने पुण्याचा 5-2 असा पराभव केला.

सामना साडेसतरा मिनिटांच्या चार भागांत खेळविला जाई. ही पद्धत प्रीमियर हॉकी लीगमध्येही होती. पुढे सप्टेंबर 2014 पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वतःच्या स्पर्धांत पंधरा मिनिटांचे चार भाग स्वीकारले. स्पर्धा अमान्य असली तरी तीत वापरलेली कल्पना अशी दोनच वर्षांत मान्य झाली!

खेळाडूंनी मोजलेली किंमत :
अमान्य स्पर्धेत भाग घेणारा खेळाडू मान्य स्पर्धांस मुकेल, असा आंतरराष्ट्रीय महासंघाचा 2011 चा नियम होता. लीग सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी, 26 फेब्रुवारी 2012 रोजी, भारताने दिल्ली येथे फ्रान्सला 8-1 असे हरवून लंडन ऑलिंपिकचे तिकीट मिळविले होते. त्यामुळे लीग की देशाचा संघ, ही निवड खेळाडूंपुढे उघडपणे उभी राहिली. 2010 च्या विश्वचषकात भारताचे कर्णधार असलेले राजपाल सिंग दिल्ली विझार्ड्सकडून, तर अर्जुन हलप्पा कर्नाटक लायन्सकडून खेळले. पाकिस्तानच्या रेहान बट व शकील अब्बासी यांनाही मायदेशी महासंघाच्या रोषास तोंड द्यावे लागले, मात्र पुढे ते लंडन ऑलिंपिकमध्ये खेळले. म्हणजे नियम एकच असला तरी त्याची अंमलबजावणी ज्या त्या देशाच्या संघटनेच्या गरजेनुसार होत होती.

दुसरीकडे ज्यांनी खेळाडूंना बोलाविले त्यांची बाजूही निर्दोष नव्हती. डिसेंबर 2011 मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने देयके थकल्याचे कारण देऊन निम्बसशी असलेला प्रक्षेपण करार रद्द केला होता. कंपनीचा आर्थिक पाया लीगपूर्वीच डळमळीत झाला होता. हॉकीपटूंचे मानधन थकल्याच्या तक्रारी पुढे वृत्तपत्रांतून आल्या. दुसरा हंगाम झालाच नाही. जानेवारी 2013 मध्ये हॉकी इंडियाने स्वतःची लीग सुरू केली. कॅरी पॅकर यांच्या 1977 च्या वर्ल्ड सिरीज क्रिकेटशी नावाचे साम्य असले तरी पॅकर यांच्यापाशी भक्कम दूरचित्रवाहिनी व जगातील अव्वल खेळाडू होते. येथे त्यांपैकी काहीच पुरेसे नव्हते.

स्पर्धा आयोगापुढील प्रकरण :
या इतिहासातील सर्वांत मोलाचा भाग मैदानाबाहेरचा आहे. धनराज पिल्ले व इतर माजी खेळाडूंनी हॉकी इंडियाविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली (प्रकरण क्र. 73/2011). नियामकानेच स्पर्धा भरवायच्या आणि प्रतिस्पर्धी आयोजकाकडे जाणाऱ्या खेळाडूस अपात्र ठरवायचे, हा वर्चस्वाचा गैरवापर आहे, असे त्यांचे म्हणणे होते. 1998 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आणणाऱ्या याच कर्णधारास जुन्या महासंघाने लगेच पुढच्या संघातून वगळले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांचा लढा अमुक एका संघटनेच्या प्रेमातून आला नसावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

31 मे 2013 रोजी आयोगाने हॉकी इंडियाने कायद्याचा भंग केला नसल्याचा निर्णय दिला. खेळाच्या व्यवस्थेसाठी असे निर्बंध स्वाभाविक आहेत, असे आयोगाने मानले. मात्र नियमन आणि व्यापार यांच्यात स्पष्ट विभागणी असावी, अशी अपेक्षाही व्यक्त केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत याच आयोगाने क्रिकेट मंडळास 52.24 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. क्रिकेटच्या बाबतीत जे वर्चस्व आक्षेपार्ह ठरले ते हॉकीच्या बाबतीत का ठरू नये, याचे समाधानकारक उत्तर या दोन निर्णयांतून मिळत नाही.

युरोपात हाच प्रश्न बर्फावरील स्केटिंगच्या निमित्ताने उपस्थित झाला. डच स्केटर मार्क टुइटर्ट आणि निल्स केर्स्टहोल्ट यांना एका स्वतंत्र स्पर्धेत भाग घेतल्यास कायमच्या बंदीची भीती होती. त्यांच्या तक्रारीवर 2017 मध्ये युरोपीय आयोगाने व 21 डिसेंबर 2023 रोजी युरोपीय न्यायालयाने आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या विरोधात कौल दिला. पारदर्शक निकष न ठेवता पूर्वपरवानगीची सक्ती करणे हे स्पर्धेच्या कायद्यास धरून नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. पिल्ले यांचा युक्तिवाद मुळात हाच होता. तो भारतात दहा वर्षे आधी मांडला गेला आणि फेटाळला गेला.

महाराष्ट्रापुरते सांगावयाचे तर पुणे स्ट्रायकर्सचे अस्तित्व 16 सामन्यांचे ठरले. 2013 च्या अधिकृत लीगमध्ये मुंबईस स्थान मिळाले, पुण्यास मिळाले नाही. ती लीगही 2017 नंतर बंद पडली आणि डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता.