गिरणी, शाळा आणि साथ

इ.स. 1897 च्या आरंभी, जेमतेम एका महिन्याच्या अंतराने, महाराष्ट्राने दोन माणसे एकाच रोगापायी गमावली. 9 फेब्रुवारीस मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे निवर्तले. ज्यांनी 1884 मध्ये गिरणीकामगारांची संघटना उभारली आणि 1890 मध्ये मालकांकडून रविवारची सुटी पदरात पाडून घेतली, ते लोखंडे प्लेगच्या रुग्णांची व्यवस्था लावता लावता त्याच रोगाला बळी पडले. 10 मार्चला पुण्यास सावित्रीबाई फुले गेल्या. अर्धशतकापूर्वी भिड्यांच्या वाड्यात मुलींना अक्षरे शिकवणाऱ्या या पासष्टी ओलांडलेल्या शिक्षिकेने, पुत्र डॉ. यशवंत यांच्या हडपसरजवळील माळावरच्या दवाखान्यात रोगी आणून पोहोचवण्याचे काम अंगावर घेतले होते, आणि मुंढव्याच्या एका आजारी मुलास पाठीवर घेऊन आणल्यानंतर त्यांनाही ताप भरला.

एकाचे आयुष्य कारखान्याच्या दाराशी गेले, दुसरीचे शाळेच्या ओसरीवर. आणि साथीच्या इतिहासात हीच दोन स्थळे सर्वांत नाजूक ठरत आली आहेत. बाजार टाळता येतो, जत्रा पुढे ढकलता येते, लग्नाची पंगत आखडती घेता येते. परंतु गिरणीचा भोंगा आणि शाळेची घंटा ठराविक प्रहरी शेकडो माणसांना एका छपराखाली बोलावतात, आणि न येणाऱ्याची मजुरी कापली जाते किंवा हजेरी बुडते. म्हणून कोरोनाच्या काळात कारखाने आणि शाळा यांविषयी जो प्रश्न आपणांसमोर उभा राहिला, तो नवा नव्हता. मुंबई-पुण्याने तो सव्वाशे वर्षांपूर्वी एकदा सोडवायला घेतला होता, आणि त्याचे अर्धेच उत्तर लिहून पाटी खाली ठेवली होती.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी बंदराच्या धान्यवखारींलगतच्या वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तेथला ताप ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग, असल्याचे ओळखले. लोक त्याला गाठीचा ताप म्हणत. वखारींतून उंदीर मरून पडत होते. पण रोगाचा मार्ग उंदरावरच्या पिसवेतून जातो हे त्या वेळी कोणासही ठाऊक नव्हते. पॉल-लुई सिमाँ यांनी ते 1898 मध्ये कराचीस दाखवून दिले, आणि वैद्यकीय जगाने ते मान्य करण्यास आणखी सात-आठ वर्षे घेतली. तोवर समजूत अशी की, रोग घाणीत आणि कोंदट खोलीत वसतो. सबब नगरपालिकेने समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ॲसिड यांच्या धारा गटारांतून सोडल्या, चाळींची छपरे उघडून ऊन आत घेतले, भिंतींना चुना फासला आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांच्या दारावर ‘यू. एच. एच.’ ही तीन इंग्रजी अक्षरे रंगवली. गटारे धुतल्याने उंदीर मात्र एका घरातून दुसऱ्या घरात पळाले, आणि त्यांच्या मागोमाग पिसवाही.

अज्ञान हा काही गुन्हा नव्हे. खरी चूक दुसरीकडे होती. ऑक्टोबर 1896 मध्ये पालिकेने जाहीरनामा काढून घरात शिरण्याचा आणि संशयित रोग्यास सक्तीने इस्पितळात हलवण्याचा अधिकार घेतला, आणि त्याच महिन्याच्या 29 तारखेस सुमारे हजार गिरणीकामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. त्यांच्या लेखी इस्पितळ म्हणजे माणूस जिवंत जातो आणि प्रेत होऊन बाहेर येतो अशी जागा होती; शिवाय तेथे गेलेल्याची मजुरी बुडे, खोलीतले सामान जाळले जाई, आणि त्याच्या मागे राहिलेल्या कच्च्याबच्च्यांची गुजराण कशी चालावी याविषयी जाहीरनाम्यात अवाक्षर नसे. पुढे 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोगांचा कायदा मंजूर झाला. मुळात अवघ्या चार कलमांचा हा कायदा सरकारास वाटेल ते उपाय योजण्याची मुभा देतो, हुकूम मोडणाऱ्यास शिक्षा सांगतो आणि अंमलदारास संरक्षण देतो. नुकसानभरपाईचा त्यात उल्लेख आहे, नाही असे नाही, पण तो खर्चाच्या तजविजीविषयीच्या वाक्यात कंसामध्ये येतो, आणि तोही ‘असल्यास’ अशा बेताने. साथ रोखण्याच्या कामात सामान्य माणसाचे जे नुकसान होते त्याला आपल्या कायद्याने त्या दिवशी जी कंसातली जागा दिली, ती पुढे फार काळ बदलली नाही.

कामगाराने मग आपला उपाय आपणच शोधला: तो कोकणच्या आणि घाटावरच्या वाटेला लागला. 1897 च्या फेब्रुवारीपर्यंत साडेआठ लाख वस्तीच्या मुंबईतून निम्म्याच्या आसपास माणसे निघून गेली होती, आणि गिरण्यांचे साचे हातांवाचून उभे राहिले. एरवी महिन्याच्या पगारातले काही दिवस मालक मागे राखून ठेवी, आणि त्या थकलेल्या रकमेच्या खुंटीला कामगार बांधलेला राही. आता तो म्हणू लागला की, उद्या मी जिवंत असेन की नाही याचा भरवसा नाही, तेव्हा आजचे दाम आज संध्याकाळी मोजा. मालकसंघाने एकी राखण्याची पराकाष्ठा केली. पण एका गिरणीने रोजची चुकती सुरू करताच दुसरीने वर बक्षीस देऊ केले, आणि नाक्यानाक्यावर मजूरभरती करणारे जॉबर लोक मजुरांसाठी एकमेकांवर बोली लावू लागले. ज्या बाजाराने आजवर मजुरास मोजले, त्याच बाजारात काही महिने मजूर मालकास मोजत होता. हाती रोख दाम आणि प्रसंगी राहण्यास उघड्यावरची छावणी मिळाली, तेव्हा साचे पुन्हा फिरू लागले. शिक्षेच्या धाकाने जे झाले नाही ते दिवसअखेर चुकत्या केलेल्या मजुरीने झाले, एवढे या प्रकरणाचे तात्पर्य लक्षात ठेवण्याजोगे आहे.

याच सुमारास ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ लस सिद्ध करीत होते. चंबूतल्या पोषक द्रवावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, त्या थेंबांखाली प्लेगचे जंतू लोंबत्या तंतूंच्या रूपाने वाढू द्यायचे, अधूनमधून चंबू हलवून ते तंतू तळाशी पाडायचे, आणि शेवटी उष्णतेने जंतू मारून तो द्रव टोचण्यास घ्यायचा, अशी त्यांची कृती. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी पहिली लस स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांवर तिचा पडताळा पाहिला. लस स्वतःवर घेण्याचा परिणाम केवळ वैद्यकीय नव्हता. ‘आधी तुम्ही, मग आम्ही’ या लोकांच्या न बोललेल्या अटीची ती पूर्तता होती.

पुण्यात या अटीची कोणास आठवण झाली नाही. प्लेग अधिकारी रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे शिपाई घरोघर शिरले, देवघरापर्यंत झडत्या झाल्या, आणि 22 जून 1897 रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडून त्याचा जो शेवट केला तो सर्वश्रुत आहे. मात्र त्या गडबडीत शाळांचे काय झाले हे फारसे सांगितले जात नाही. पंडिता रमाबाई दुष्काळी मुलुखातून अनाथ मुली पुण्यास आणीत होत्या. प्लेगच्या भयाने त्यांना शहरात ठेवण्यास मनाई झाली, तेव्हा त्यांनी केडगावच्या शेतजमिनीवर मुलींची सोय केली, आणि तेच पुढे मुक्ती सदन झाले. धोंडो केशव कर्वे यांचा 1896 मध्ये स्थापन झालेला अनाथ बालिकाश्रमही प्लेगने शहरात नीट नांदू दिला नाही. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले, माळावर एक साधी झोपडी उभी राहिली, आणि 1900 मध्ये आश्रम तेथे गेला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे कर्वे ती कित्येक मैलांची वाट पायी तुडवीत, आणि आश्रमाचे सामानसुमानही बहुधा स्वतःच वाहून नेत. मोकळ्या माळावर उंदीर कमी, म्हणून रोगही कमी, हे शास्त्र तेव्हा सर्वमान्य झाले नव्हते. पण साथ आली की गाव उठून झोपड्यांत जाई, हा खेड्यापाड्यांचा अनुभव शास्त्राच्या पुढे चालत होता. शाळा बंद ठेवण्याऐवजी शाळाच उचलून मोकळ्या हवेत नेण्याची ही युक्ती होती, आणि तिची किंमत मुलींच्या पालकांनी नव्हे तर एका प्राध्यापकाच्या पायांनी चुकती केली.

1918 च्या इन्फ्लुएन्झाने हवेतून पसरणाऱ्या रोगाचा धडा मुंबईस दिला, आणि त्याची वाट तर थेट कामाच्या ठिकाणांवरूनच गेली. 10 जूनला सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात आले, त्यांतला एक गोदीवरचा; आठवड्याभरात जहाजकंपनीची माणसे आजारी पडली, मग पोर्ट ट्रस्ट, हाँगकाँग-शांघाय बँक, तारखाते, टांकसाळ आणि रेचल ससून गिरणी. नगराच्या आरोग्याधिकाऱ्याच्या अहवालात ही यादी हजेरीपटासारखी उतरली आहे. रोग कचेऱ्यांच्या वेळा पाळीत फिरला.

आता 2020. 9 मार्चला पुण्यात पहिले रुग्ण सापडले, 13 तारखेस राज्यात तोच 1897 चा कायदा लागू झाला आणि काही दिवसांत शाळांना कुलपे लागली. याही वेळी रोगाचा मार्ग उमगण्यास वेळ गेला. प्रथम आपण दाराच्या कड्या, जिन्यांचे कठडे आणि भाजीच्या पिशव्या धुतल्या. विषाणू मुख्यत्वे श्वासाबरोबर हवेतून जातो हे पटल्यावर मुखपट्टी आणि उघडी खिडकी यांचे मोल कळले. येथवर दोष कोणासही देता येत नाही. पण किंमत कोणी मोजायची, हा दुसरा प्रश्न पुन्हा कंसातच राहिला. केंद्राने 29 मार्चला टाळेबंदीच्या काळातील पूर्ण मजुरी देण्याचा हुकूम काढला, मे महिन्यात तो मागे घेतला. दरम्यान मजूर 1897 प्रमाणेच गावाच्या वाटेला लागले होते, आणि 8 मे रोजी औरंगाबादनजीक करमाड येथे रुळांवर झोपी गेलेल्या सोळा जणांवरून मालगाडी गेली.

जेथे दुसऱ्या प्रश्नाचा विचार झाला तेथे चित्र निराळे दिसले. धारावीत पालिकेने शाळांच्या इमारतींत विलगीकरणाची आणि दोन वेळच्या जेवणाची सोय केली, दहा बाय दहाच्या खोलीत अंतर पाळा असा कोरडा उपदेश केला नाही, आणि साथ आटोक्यात आली. जुलै 2021 मध्ये कोरोनामुक्त गावांतील आठवी ते बारावीचे वर्ग उघडताना एका बाकावर एक विद्यार्थी, वर्गात पंधरा-वीस मुले, दिवसाआड हजेरी असे नियम घातले गेले. परंतु शाळा उघडावी की नाही याचा निर्णय ग्रामपंचायतीच्या ठरावावर आणि पालकांच्या संमतीवर सोपवला, हे त्यातले खरे शहाणपण. ज्या घरी स्मार्टफोन एकच आणि तोही बापाबरोबर कामावर जाणारा, त्या घरच्या मुलाने बराच काळ शाळेवाचून काढला होता. त्याच्या आईबापांना विचारल्याशिवाय केलेला कोणताही नियम टिकला नसता.

साथ रोखण्याचे नियम वैद्यांनी सांगावेत, याविषयी दुमत नाही. परंतु ते पाळले जातील की नाही हे ठरते कारखान्याच्या पगारपत्रकावर आणि शाळेच्या पटावर. आजारी कामगाराने घरी राहावे असे वाटत असेल तर त्या दिवसांची मजुरी त्याच्या हाती पडली पाहिजे, आणि मुलाने शाळेबाहेर राहावे असे वाटत असेल तर शाळेने त्याच्या दारापर्यंत गेले पाहिजे. पुढची साथ कधी येईल हे सांगता येत नाही, पण ती येण्यापूर्वी भरपाईचा तो मजकूर कंसातून काढून कायद्याच्या पहिल्या कलमात बसवणे आपल्या विधिमंडळाच्या हाती आहे, आणि ते काम शांततेच्या दिवसांतच करून ठेवावे.