पुर्पुरा आणि आपला खारवा

आज आम्ही कापडाच्या रंगाबद्दल बोलणार आहोत.

रोमच्या लोकांच्या लॅटिन भाषेत ‘पुर्पुरा’ असा एक शब्द होता. तो त्यांनी ग्रीकांच्या ‘पोर्फिरा’वरून घेतला. आधी हे एका समुद्री गोगलगायीचं नाव होतं. मग तिच्यातून निघणाऱ्या जांभळट-लाल रंगाचं झालं, मग त्या रंगाच्या कापडाचं, आणि शेवटी तो झगा घालणाऱ्याच्या पदाचं! १९०९ साली एका रसायनशास्त्रज्ञानं बारा हजार गोगलगायी घेतल्या, तेव्हा त्याला जेमतेम दीड ग्रॅम रंग मिळाला. इतका महाग रंग राजाच्याच अंगावर जाणार. गोगलगायी फोडणाऱ्यांच्या हाताला मात्र वास तेवढा राहत असेल.

त्याच रोमच्या काळात आपल्या मराठवाड्यातल्या तेरहून सुती कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जायचं.

आणि आपल्या वऱ्हाडात तर लाल रंग शेतातच पिकायचा. आल म्हणतात त्या झाडाला, कोणी बारतोंडी म्हणतं. आज त्याच्याच फळाचा रस ‘नोनी’ म्हणून बाटलीत विकतात. रंग मात्र मुळाच्या सालीत. रोप तीनेक वर्षं वाढवायचं, मग खोल खणून मुळ्या काढायच्या. बारीक मुळीला भाव, जाड मुळीला कोणी विचारत नसे. रंगारी कापडाला आधी तेल आणि खार लावायचे, मग तुरटी, मग आलीच्या पाण्यात उकळायचे. त्यातून निघायचा खारवा, जाडंभरडं तांबडं कापड. राजाचं नव्हे, रोजच्या वापराचं.

१८६८ साली जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान यांनी मंजिष्ठेच्या जातीच्या मुळातला लाल रंग प्रयोगशाळेत बनवला. पुढे तो डांबरापासून कारखान्यात निघू लागला. रंग तयार पुडीत मिळू लागला. तीन वर्षं वाट कोण पाहणार? आलीची शेती मोडली. रंगारी हे आडनाव तेवढं उरलं.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही परतवाड्याजवळच्या एका धुऱ्यावरून चार मुळ्या आणून उकळल्या. बिनतुरटीचा तुकडा पहिल्याच धुण्यात पांढरा पडला. तुरटीचा फिकट लाल राहिला. तेल किती, खार किती, हे गटातल्या वयस्कर आजींनाही सांगता आलं नाही. तुमच्या गावात कोणा आजीला आठवत असेल तर आम्हाला नक्की कळवा.