श्रवणयंत्रावर फोन घेतला की बॅटरी भराभर का उतरते?

आजीचं कानाचं नवं मशीन थेट मोबाईलला जोडता येतं, म्हटल्यावर घरात सगळ्यांनाच बरं वाटतं. फोन कानाला लावायला नको, शिटी वाजत नाही, नातवाचा आवाज दोन्ही कानांत येतो. मग पंधरा दिवसांत तक्रार सुरू होते. पूर्वी आठवडाभर चालणारा सेल आता चार दिवसांत संपतो. चार्जिंगचं मशीन असेल तर ते रात्रीच्या जेवणाआधीच मान टाकतं. मशीन बिघडलं असं समजून दुकानाच्या फेऱ्या होतात. बहुतेक वेळा ते बिघडलेलं नसतं.

अडचण आकाराची आहे. तपकिरी स्टिकरचा ३१२ नंबरचा सेल जेमतेम ८ मिलिमीटर रुंद आणि साडेतीन मिलिमीटर जाड असतो. त्याची क्षमता साधारण १६० ते १८० मिलीअँपिअर-तास. हातातल्या मोबाईलची ५००० च्या आसपास. गाणी ऐकायचे इयरबड पाच-सहा तासांनी डबीत परत ठेवावे लागतात आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. श्रवणयंत्राला मात्र सकाळच्या चहापासून रात्री झोपेपर्यंत चालावं लागतं.

एक ढोबळ हिशेब मांडून बघता येतो. समजा, नुसता आजूबाजूचा आवाज मोठा करून ऐकवायला मशीन दीड मिलीअँपिअर वीज घेतं आणि मोबाईलचा आवाज ब्लूटूथवरून घेताना पाच. रोज १५ तास वापर धरला आणि फोन अजिबात जोडला नाही, तर १७० चा सेल साडेसात दिवस जाईल. रोज तीन तास फोनचा आवाज ऐकला तर पाच दिवस, सहा तास ऐकला तर चारच. आणि हे सहा तास फक्त कॉलचे नसतात. व्हॉट्सअॅपवर आलेले व्हिडिओ, यूट्यूबवरचं कीर्तन, रील्स, हे सगळं त्याच वाटेने कानात येतं. घरच्यांना वाटतं आजी फोनवर फार बोलते. खरा खर्च अनेकदा व्हिडिओंचा असतो.

आवाज ‘चांगला’ म्हणजे काय?

जुन्या पद्धतीचा टेलिफोन कॉल ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पोहोचवतो. माणूस ओळखायला तेवढं पुरतं. पण ‘स’, ‘श’ यांसारख्या घर्षणाच्या आवाजांचा मोठा भाग त्याच्या वर असतो, आणि वय झाल्यावर ऐकू येणं आधी कमी होतं तेही वरच्या पट्टीतलंच. त्यामुळे डॉक्टरांनी गोळी ‘सहा’ वाजता सांगितली की ‘दहा’, असा गोंधळ होतो. व्होएलटीई कॉलमध्ये हा पट्टा साधारण ७००० हर्ट्झपर्यंत जातो आणि फरक लगेच कळतो.

मात्र आवाज टॉवरपासून कानापर्यंत साखळीतून येतो. गावात रेंज गेली आणि कॉल टूजीवर उतरला, तर सगळ्यात महागडं मशीनही तोच अरुंद आवाज ऐकवणार.

दुसरा खर्च परतीच्या आवाजाचा. काही यंत्रं फक्त समोरच्याचं बोलणं कानात आणतात. वापरणाऱ्याचा आवाज मोबाईलचा माइक टिपतो. फोन तोंडाजवळ धरावा लागतो, पण वीज वाचते. पूर्ण ‘हँड्स-फ्री’ यंत्रं स्वतःच्या माइकवरून आवाज परत पाठवतात. पोळ्या लाटताना बोलता येतं, पण सेलवर भार वाढतो.

शिवाय ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं. फोन पॅंटच्या मागच्या खिशात असेल तर आवाज तुटतो, हरवलेले तुकडे पुन्हा मागवावे लागतात आणि त्यातही वीज जाते. फोन शर्टाच्या खिशात किंवा समोर टेबलावर ठेवणं हा फुकटातला उपाय आहे.

सेल शिल्लक, तरी ‘बॅटरी लो’?

हे सेल झिंक-एअर प्रकारचे असतात. स्टिकर काढला की बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि तिच्यातल्या ऑक्सिजनवर वीज तयार होते. म्हणून स्टिकर काढल्यावर एक-दोन मिनिटं थांबून मगच सेल बसवावा. ही साधी गोष्ट बरेच जण पाळत नाहीत. हवा ठरावीक वेगानेच आत येत असल्याने सेल एका वेळी फार जास्त वीज देऊ शकत नाही. लांबलेल्या कॉलमध्ये व्होल्टेज खाली येतं आणि मशीन ‘संपलो’ अशी सूचना देतं. थोड्या विश्रांतीनंतर तोच सेल पुन्हा चालतो. अनेक यंत्रांत बॅटरी उतरली की आधी ब्लूटूथ बंद होतं, जवळचं ऐकणं चालू राहतं. महत्त्वाच्या कॉलआधी सेल बदलून घेणं म्हणूनच शहाणपणाचं. स्टिकर एकदा काढला की परत चिकटवून सेल वाचत नाही. कोरड्या हवेत आतला ओलावा उडतो, कोकणातल्या पावसाळ्यासारख्या दमट हवेत बाहेरचा आत शिरतो.

चार्जिंगच्या मशीनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते आणि ती वर्षागणिक थोडी थोडी थकते. खरेदीच्या वेळी ‘२४ तास चालते’ एवढ्यावर थांबू नये; त्यात फोनचे किती तास धरलेत आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी बॅटरी बदलून मिळते का, हे विचारावं. दिवसभर फोनवर काम करणाऱ्याला सेलचं मशीन सोयीचं, कारण जादा सेल खिशात ठेवता येतो. बोटं थरथरत असतील किंवा दिसत कमी असेल, तर चार्जिंगचंच बरं.

२०२० मध्ये जाहीर झालेलं ‘ब्लूटूथ एलई ऑडिओ’ हे तंत्र नेमकं या ओढाताणीवर काढलेलं आहे. त्यातली एलसी३ ही पद्धत आवाज जास्त दाबून पाठवते. जुन्या पद्धतीच्या निम्म्या डेटातही दर्जा टिकतो, असा ब्लूटूथ संघटनेचा दावा आहे. कमी डेटा म्हणजे रेडिओ कमी वेळ चालू. पण मशीन आणि मोबाईल दोघांनाही ते यायला हवं. अँड्रॉइडमध्ये त्याची सोय १३ व्या आवृत्तीपासून आली, तरी प्रत्येक फोन ते देतोच असं नाही. जुना मोबाईल तसाच ठेवून फक्त मशीन नवं घेतलं, तर हा फायदा पदरात पडत नाही.

दोन मिनिटांच्या कॉलला ब्लूटूथ लागतंच असंही नाही. कानामागच्या मशीनचा माइक कानाच्या वरच्या बाजूला असतो. त्यामुळे मोबाईल कानाच्या भोकाशी न धरता थोडा वर सरकवून, माइकपाशी धरला की आवाज पोहोचतो.