स्वयंपाकघरातला फुगा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नऊ वर्षांपूर्वीची जानेवारीतली रात्र. माझ्या थोरल्या भावाला, भाईजानला, दोनच्या सुमाराला जाग आली ती छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटून. भाभींनी मला उठवलं. तो पलंगाच्या कडेला बसून होता, त्या थंडीतही कपाळावर घाम. संध्याकाळी लग्नाचं जेवण झालं होतं, तेव्हा हे पित्तच, असं आम्ही घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं. ओवा झाला, सोडा झाला, पाठीला बाम झाला. भाभी म्हणाल्या, "रिक्षा बघता का?" मी म्हणालो, "एवढ्या रात्री डॉक्टरांना कुठे उठवायचं? फजरची अजान होऊ दे, मग जाऊ." हे वाक्य माझं आहे. ते मी कुणावर ढकलत नाही.

अजान झाली, गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि हातातला चहा बाजूला ठेवला. शहरातल्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत सकाळचे नऊ वाजून गेले होते. भाईजान वाचला. नंतर एका तरुण डॉक्टरांनी मला पडद्यावर त्याच्या हृदयाची फिल्म दाखवली. हृदय हा शब्द मी कवितांमधून किती वेळा वापरला असेल, याची मोजदाद नाही. पण ते असं दिसतं हे मला त्या दिवशी कळलं. काळ्या रेघांच्या फांद्या धडधडत होत्या आणि त्यातली एक मोठी फांदी मध्येच तुटल्यासारखी संपत होती. पुढच्या चित्रात तीच फांदी खालपर्यंत भरून वाहत होती. "रक्त सुरू झालंय," डॉक्टर म्हणाले, "पण स्नायूचा बराच भाग आधीच गेलाय."

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. विज्ञानाशी माझा संबंध शाळेत संपला. पण ही बंद फांदी उघडायची कल्पना पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आली असेल, हे मला स्वस्थ बसू देईना. शोधत गेलो तेव्हा एक माणूस सापडला. त्याचं नाव आंद्रियास ग्रुंट्झिग.

त्याच्याकडे जाण्याआधी तिघांना सलाम करायला हवा. जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावचा वेर्नर फोर्समान १९२९ साली ऐन पंचविशीचा शिकाऊ डॉक्टर होता. जिवंत माणसाच्या हृदयाला हात लावायचा नाही, हा तेव्हाचा दंडक. त्याने स्वतःच्या कोपराजवळची शीर उघडली, लघवीसाठी वापरतात तसली रबरी नळी तीत सरकवली आणि तसाच जिना उतरून एक्स-रेच्या खोलीत गेला. नळीचं टोक हृदयात पोचलेलं फोटोत दिसलं. वरिष्ठांकडून त्याला शाबासकी मिळाली नाही. नोबेल पारितोषिक मिळालं ते १९५६ साली, तोवर तो एका लहान गावात मूत्रविकारांवर उपचार करत होता. दुसरा अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचा मेसन सोन्स. १९५८ साली एका रुग्णाची तपासणी चालू असताना त्याची नळी चुकून थेट हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत शिरली आणि रंगद्रव्य तिथेच सुटलं. हृदय क्षणभर थांबलं. सोन्सने रुग्णाला खोकायला सांगितलं, आणि ते पुन्हा चालू झालं. त्या चुकीतून आजची अँजिओग्राफी आली. तिसरा पोर्टलंडचा चार्ल्स डॉटर. १९६४च्या जानेवारीत ८२ वर्षांच्या एका बाईंचा पाय कुजत चालला होता आणि त्या पाय कापायला तयार नव्हत्या. डॉटरने मांडीच्या धमनीत एकावर एक जाड नळ्या घालून वाट मोकळी केली. बाई शेवटपर्यंत स्वतःच्या पायांवर चालल्या. अमेरिकन सर्जन मात्र डॉटरला वेडा ठरवून मोकळे झाले.

डॉटरची पद्धत ज्या थोड्या युरोपीय डॉक्टरांनी उचलली, त्यांत ग्रुंट्झिग होता. त्याचा जन्म १९३९चा, ड्रेस्डेनचा. वडील महायुद्धातून परत आलेच नाहीत. पुढे पूर्व जर्मनीतून तो पश्चिमेला निसटला, हायडेलबर्गला डॉक्टर झाला आणि १९६९ साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या विद्यापीठाच्या इस्पितळात आला. डॉटरची जाड नळी पायात चालेल, पण हृदयाच्या जेमतेम तीन-चार मिलिमीटरच्या धमनीत कशी घालणार? नळी बारीकच हवी. आत गेल्यावर तेवढ्याच जागी तिने फुगावं आणि काम झाल्यावर पुन्हा बारीक होऊन बाहेर यावं.

म्हणजे फुगा. पण रबराचा फुगा उपयोगाचा नव्हता. अडथळा असतो तिथे तो दबतो आणि दोन्ही बाजूंना फुगतो, डमरूसारखा. अडथळा आपला जागच्या जागी. ग्रुंट्झिगला हवा होता दाब कितीही वाढवला तरी ठरलेल्या आकारापलीकडे न जाणारा फुगा. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातले निवृत्त रसायनशास्त्रज्ञ हाइनरिश होप्फ यांनी त्याला पीव्हीसीची वाट दाखवली. दिवसभर इस्पितळात काम करायचं आणि रात्री घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसायचं. तो स्वतः, पत्नी मिखाएला, त्याची सहायक मारिया श्लुम्फ आणि तिचा नवरा वाल्टर. पीव्हीसीच्या बारीक नळ्या तापवायच्या, फुगवायच्या, दोऱ्याने आवळायच्या, डिंकाने चिकटवायच्या. बहुतेक फुगे फुटायचे. आपल्याकडे बायका रात्री टेबलाभोवती बसून पापड-कुरडया करतात, तसं काहीतरी माझ्या डोळ्यांपुढे येतं. १९७४च्या फेब्रुवारीत असा फुगा पहिल्यांदा पायाच्या धमनीत गेला. मग कुत्र्यांवर प्रयोग झाले. ते त्याने १९७६ साली अमेरिकेत मायामीच्या परिषदेत मांडले, तेव्हा विश्वास ठेवणारे थोडे आणि माना हलवणारे फार होते.

१६ सप्टेंबर १९७७. रुग्णाचं नाव डोल्फ बाखमान, विम्याचं काम करणारा, वय ३८. ग्रुंट्झिगचंही वय तेच. बाखमानच्या हृदयाच्या पुढच्या मोठ्या धमनीत एके ठिकाणी चांगलाच अरुंद भाग होता आणि बायपासला त्याचं मन घेत नव्हतं. ज्यांच्या पोटावर या फुग्याने पाय यायचा, ते सर्जन ओके सेनिंग यांनीच ग्रुंट्झिगला पाठबळ दिलं, ऑपरेशनची खोली तयार ठेवली. सेनिंग यांच्या या मोठेपणाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला मात्र ते फुग्याच्या तोडीचं वाटतं. बाखमान पूर्ण जागा होता. फुगा दोनदा फुगवला, सोडला, बाहेर काढला. धमनी मोकळी झाली होती. इतकं सोपं जाईल असं खोलीतल्या कुणालाच वाटलं नव्हतं.

यानंतर ग्रुंट्झिग जे वागला, त्यासाठी मला हा माणूस मोठा वाटतो. १९७९ साली त्याने आपले पहिले ५० रुग्ण वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे ठेवले. ५०पैकी ३२ जणांत फुगा यशस्वी झाला. पाच जणांना तातडीने बायपासला न्यावं लागलं, तिघांच्या ईसीजीत झटक्याच्या खुणा उमटल्या. हे त्याने स्वतः लिहिलं. शिकवायचं ठरवलं तेव्हा टेबलावर रुग्ण, टेलिव्हिजनवर चित्र आणि शेजारच्या सभागृहात जगभरातून आलेले डॉक्टर, अशी पद्धत पाडली. फसलं तर सगळ्यांसमोर फसणार. आम्ही कवी मुशायऱ्यात आपली फसलेली गझल कधी वाचून दाखवत नाही.

झुरिकला त्याला पुरेशा खाटा मिळेनात, म्हणून १९८० साली तो अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात गेला. तिथे त्याच्याकडे शिकलेल्यांत एक केरळचे डॉक्टर होते, मॅथ्यू सॅम्युअल कलरिकल. त्यांनी १९८६ साली मद्रासमध्ये भारतातली पहिली अँजिओप्लास्टी केली. २०२५च्या एप्रिलमध्ये ते गेले. ग्रुंट्झिगला आपल्या शिष्याचं हे यश पाहायला मिळालं नाही. २७ ऑक्टोबर १९८५ला वादळी हवेत तो स्वतःचं छोटं विमान चालवत अटलांटाला परतत होता. विमान कोसळलं. शेजारी दुसरी पत्नी मार्गारेट अ‍ॅन होती. त्याचं वय ४६.

आता गंमत पाहा. हा फुगा झटक्यासाठी बनलेलाच नव्हता. तो होता जिना चढताना छातीत दुखणाऱ्या माणसासाठी. झटका आलेल्या माणसाच्या वाटेला धमनी उघडणं बिघडणं काहीच येत नसे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याला सहा-सहा आठवडे अंथरुणात निजवून ठेवत. पुढे हृदयरुग्णांचे वेगळे कक्ष आले, बिघडलेला ठोका विजेच्या झटक्याने ताळ्यावर आणता येऊ लागला, पण धमनी बंदच राहायची. मुळात धमनीतली गुठळी हे झटक्याचं कारण की परिणाम, यावरच पंडितांचं एकमत नव्हतं. तो वाद मिटवला अमेरिकेतल्या स्पोकेन गावच्या मार्कस डीवुड यांनी, १९८० साली. झटका आल्यापासून चार तासांच्या आत त्यांनी १२६ जणांची अँजिओग्राफी केली. ११० जणांची धमनी पूर्ण बंद होती. म्हणजे गुन्हेगार गुठळीच. मग ती विरघळवणारी औषधं पुढे आली. १९८८ सालच्या १७ हजारांवर रुग्णांच्या एका अभ्यासात स्ट्रेप्टोकायनेज आणि साधी अ‍ॅस्पिरिन या दोन्हींनी मिळून पहिल्या पाच आठवड्यांतले मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी केले. कॅन्सास सिटीच्या जेफ्री हार्टझलरने तर झटका चालू असतानाच फुगा घातला. लोकांना तो आततायीपणा वाटला. १९९३ साली अभ्यास प्रसिद्ध झाले तेव्हा हार्टझलर बरोबर ठरला.

उलट जिना चढताना दुखणाऱ्या, पण स्थिर असलेल्या रुग्णांचं काय? २००७ आणि २०२०च्या मोठ्या अभ्यासांत असं दिसलं, की अशा बहुतेकांना चांगली औषधं दिली तर फुगा आणि स्टेंट त्यांचं आयुष्य काही वाढवत नाहीत, दुखणं तेवढं कमी करतात. ज्या कामासाठी फुगा केला, तिथे त्याचं काम मर्यादित निघालं. ज्यासाठी केला नव्हता, तिथे तो प्राण वाचवतो. आपल्याकडे मात्र दोन्हींची सरमिसळ होते. नुसत्या अँजिओग्राफीच्या फोटोला घाबरून माणसं जमीन गहाण टाकतात. सरकारने २०१७च्या फेब्रुवारीत औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली, तोवर तर विचारूच नका.

झटक्यात प्राण वाचवतो हे खरं, पण वेळेत. बाखमानचा फुगा फुगला त्याच १९७७ साली अमेरिकेत रायमर आणि जेनिंग्ज या दोघांनी कुत्र्यांच्या हृदयांवरचं एक संशोधन मांडलं. धमनी बंद झाली की स्नायू एकदम मरत नाही. आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे मरण लाटेसारखं सरकत जातं. पाऊण तासात आतला थर, तीन तासांत आणखी बराच, सहा तासांत जवळजवळ सगळं. रुग्ण दारात आल्यापासून ९० मिनिटांत फुगा फुगला पाहिजे, असा दंडक मोठ्या हॉस्पिटलांनी पुढे स्वतःला घालून घेतला तो यामुळे. पण घरापासून हॉस्पिटलच्या दारापर्यंतचा दंडक कोण घालणार? रात्री दोन ते सकाळी नऊ, म्हणजे सात तास. मी कागदावर तो हिशेब अनेकदा केला आहे. १०८ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ सालापासून धावते आहे. त्या रात्री आमच्या घरात एकालाही तो आकडा सुचला नाही.

मागच्या महिन्यात मी भाईजानला बाखमानची गोष्ट सांगितली. २००७ साली, त्या पहिल्या फुग्याला तीस वर्षं झाली तेव्हा, बाखमान ठणठणीत होता आणि झुरिकच्या समारंभाला स्वतः हजर होता, तेही सांगितलं. भाईजानने विचारलं, "त्याला किती वेळात नेलं होतं?" मी म्हणालो, त्याला झटका आलाच नव्हता. छातीत दुखतंय म्हणून तो आधीच गेला होता. भाईजानने मान हलवली आणि पेपर वाचू लागला. जिना चढवत नाही म्हणून तो आता खालच्या खोलीत झोपतो. त्या खोलीच्या दारामागे भाभींनी खडूने १०८ लिहून ठेवलं आहे. पुसट झालं की त्या ते पुन्हा गिरवतात.